मत्स्यटाकीची काच आणि शेवाळ

मत्स्यटाकीच्या काचेवरील शेवाळ काढण्याचा प्रश्न टाकीइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये काचेवरील अबकारी कर १८४५ साली उठला, काच स्वस्त झाली आणि पुढच्या दशकात घरोघरी मासे पाळण्याची लाट आली. खिडकीपाशी ठेवलेल्या या टाक्यांना भरपूर ऊन मिळे. पाण्यात माशांच्या विष्ठेतून आलेली पोषकद्रव्ये असतच. काच हिरवी व्हायला एवढे पुरेसे होते.

शेवाळाचा बंदोबस्त जीवांकरवी करण्याची पद्धत लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांच्या प्रयोगातून पुढे आली. त्यांनी १८४९ मध्ये सुमारे १२ गॅलनांच्या काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीमुळे माशांना प्राणवायू मिळाला; पण तिची पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि पात्राच्या बाजूंवर हिरवा बुळबुळीत थर चढला. वॉरिंग्टन यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी त्यात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाऊन टाकले, शिवाय त्यांची अंडी माशांचे खाद्य बनली. हे निष्कर्ष त्यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडले.

खाऱ्या पाण्यासाठी हेच काम समुद्री गोगलगायींवर सोपवले गेले. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले. त्याच्याशी निगडित असलेले निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ च्या ग्रंथातून समुद्री टाकीची निगा वाचकांपर्यंत पोहोचवली. गोगलगायीच्या जिभेवर बारीक दातांच्या ओळी असतात. ती काचेवरून सरकताना जीभ पुन्हा पुन्हा पुढे काढून थर खरवडते आणि तिच्या मागे स्वच्छ काचेचा नागमोडी पट्टा उमटतो. मात्र काचेला घट्ट चिकटलेले हिरवे ठिपके बऱ्याचदा तिलाही दाद देत नाहीत.

पुढची सुधारणा प्रकाशाच्या अंगाने झाली. टाकीच्या चारही बाजू काचेच्या न ठेवता फक्त पुढची बाजू काचेची आणि बाकीच्या पाटीच्या दगडाच्या करण्यात आल्या. ऊन केवळ वरून आल्याने शेवाळाची वाढ आटोक्यात राहिली. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी १८६४ मध्ये हँबुर्ग आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मत्स्यालयांत याहून पुढचा विचार केला. तिथे समुद्राचे पाणी तळघरातील अंधाऱ्या मोठ्या हौदातून टाक्यांत सतत फिरत राही. अंधारात शेवाळ वाढत नाही आणि पाणीही थंड राहते, हे त्यामागचे तत्त्व होते.

विसाव्या शतकात विजेचे दिवे आले आणि टाकी खिडकीपासून दूर नेता आली. प्रकाश किती तास द्यायचा हे पाळणाऱ्याच्या हाती आले. सिलिकॉनने जोडलेल्या, चौकटीविना काचेच्या टाक्या रूढ झाल्यावर सफाईची साधनेही बदलली. काचेच्या आतबाहेर एकेक लोहचुंबक धरून घासण्याची सोय झाली, तिच्यामुळे हात ओला करावा लागत नाही. मात्र चुंबकाखाली वाळूचा एक कण सापडला तरी काचेवर कायमचा ओरखडा उठतो. चिवट ठिपक्यांसाठी ब्लेड तिरके धरून खरवडणे हाच खात्रीचा उपाय ठरला. पण कोपऱ्यांतल्या सिलिकॉनपासून ते दूर ठेवावे लागते. ॲक्रिलिकच्या टाकीत ब्लेड चालत नाही, तिथे प्लास्टिकची पट्टी वापरतात.

शेवाळ खाणाऱ्या जीवांची यादीही वाढत गेली. दक्षिण अमेरिकेतील ओटोसिंक्लस मासे काचेवरचा मऊ थर खातात. जपानचे ताकाशी अमानो यांनी पाणवनस्पतींच्या टाक्यांसाठी एका लहान कोळंबीचा प्रसार केला. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ती मुख्यतः तंतुमय शेवाळ फस्त करते.

साधने बदलली तरी मूळ कारणे तीच राहिली. प्रकाश जास्त, खाद्य जास्त आणि पाणीबदल कमी असेल, तर खरवडलेली काच पुन्हा हिरवी होते. म्हणून आजही शेवाळ काढल्यावर दिव्याचे तास कमी करणे, मासे संपवतील तेवढेच खाद्य देणे आणि पाणी नियमित बदलणे, हा सफाईचाच भाग मानला जातो.