पाच दिवसांची ठेव

रक्तपेढीच्या दारात प्लेटलेटसाठी ताटकळणाऱ्या नातेवाइकांना एक प्रश्न हमखास पडतो. आत एवढी मोठी शीतकपाटे आहेत, मग प्लेटलेट आधीच भरपूर साठवून का ठेवत नाहीत? त्याचे उत्तर इतिहासात आहे.

१९१० साली अमेरिकेत बॉस्टन येथे डॉ. विल्यम ड्यूक यांनी रक्तस्राव थांबत नसलेल्या एका तरुणाला ताजे रक्त दिले. प्लेटलेट वाढल्या, स्राव थांबला. काही दिवसांत त्या घटल्या आणि स्राव पुन्हा सुरू झाला. औषध कोणते, हे कळले. पण ते रक्तातून वेगळे कसे काढायचे? काचेच्या बाटलीला तर प्लेटलेट चिकटून बसत.

१९५० च्या सुमारास डॉ. कार्ल वॉल्टर आणि डॉ. विल्यम मर्फी यांनी प्लास्टिकची पिशवी आणली. नळ्यांनी जोडलेल्या पिशव्यांमुळे हवा न लागता रक्ताचे घटक वेगळे करता येऊ लागले. पिशवी यंत्रात हळू फिरवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात. वरचा पिवळसर द्रव दुसऱ्या पिशवीत घेऊन जोरात फिरवला की प्लेटलेट खाली येतात. युरोपात उलटा क्रम रुळला : आधी जोरात फिरवायचे, मधला पांढुरका थर काढायचा आणि तो पुन्हा हळू फिरवायचा.

तिसरी वाट एका बापाने शोधली. जॉर्ज जडसन हे आयबीएम कंपनीतले अभियंता. मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा १९६० च्या दशकात त्यांनी डॉ. एमिल फ्रायराइक यांच्यासोबत रक्तपेशी वेगळ्या करणारे यंत्र घडवले. अशा यंत्रांत दात्याच्या रक्तातून हवा तो घटक काढून उरलेले रक्त त्याला परत देतात. आज एका दात्याकडून एका बैठकीत साध्या पाच-सहा पिशव्यांइतक्या प्लेटलेट मिळतात.

आता शीतकपाटाचा प्रश्न. १९६९ मध्ये डॉ. स्कॉट मर्फी आणि डॉ. फ्रँक गार्डनर यांनी दाखवले, की थंडीत ठेवलेल्या प्लेटलेट रुग्णाच्या शरीरात फार लवकर नाहीशा होतात. २२ अंशांच्या आसपास ठेवलेल्या जास्त टिकतात. म्हणून त्या उबेत आणि पाळण्यासारख्या सतत हलवत ठेवतात. पण उबेत जंतूही वाढू शकतात. म्हणून मुदत साधारणतः पाच दिवसांची.

आपल्याकडे जयंती-वाढदिवसाला रक्तदान शिबिरांची गर्दी होते. ते चांगलेच. पण त्या दिवशीच्या प्लेटलेट पुढच्या आठवड्यातल्या रुग्णाला मिळणार नाहीत. त्याच्यासाठी एखाद्या साध्या मंगळवारीही कुणीतरी रक्तपेढीची पायरी चढायला हवी.