कॅमलबॅक : अंतर थोडे, परीक्षा मोठी

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याची राजधानी फिनिक्स येथे, सोनोरन वाळवंटात, बसलेल्या उंटासारखा दिसणारा कॅमलबॅक हा खडकाळ डोंगर आहे. त्याचे शिखर समुद्रसपाटीपासून २७०४ फूट उंचीवर आहे. एको कॅन्यनची वाट एका बाजूने जेमतेम दोन किलोमीटरची. मात्र तेवढ्यात सुमारे ३९० मीटर चढावे लागते. काही टप्प्यांवर कठड्याचा आधार घ्यावा लागतो, तर वरच्या भागात धोंड्यांवरून हात टेकत जावे लागते.

अंतर कमी म्हणून पाण्याविना निघणे जिवावर बेतू शकते. वाटेवर पाणी नाही, सावलीही तुरळक आहे. नोव्हेंबर ते मार्च हा काळ योग्य ठरतो. उन्हाळ्यात पारा चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जातो. २०२१ पासून तीव्र उष्णतेचा इशारा असलेल्या दिवशी भर उन्हाच्या वेळेत ही वाट बंद ठेवली जाते.

सूर्योदयालाच चढाई सुरू करावी. घट्ट पकडीचे बूट, टोपी आणि प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी सोबत असावे. निम्मे पाणी संपताच, शिखर कितीही जवळ दिसले तरी, मागे फिरावे. उरलेले पाणी उतरणीसाठी असते.