इंद्रावतीच्या दोन तीरांवर एकच नाव

भामरागडाशी पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. इंद्रावतीच्या पैलतीरी बस्तर. म्हणजे २००० सालापासूनचे छत्तीसगड. माडिया लोकांचे सोयरसंबंध दोन्ही तीरांवर असल्यामुळे माणसांना ही नदी अडवीत नाही. ती अडविते सरकारी कागदाला. पोलिसांचा तो कागद पलीकडे कसा जातो, व तो नीट लिहिणारा शिपाई कसा तयार होतो, याविषयी आज बोलावयाचे आहे.

१८५८ साली चांदा जिल्ह्यात मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके व अडपल्लीचे व्यंकटराव यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. बाबुरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास फाशी झाली. व्यंकटराव निसटून बस्तरात गेले. १८६० साली बस्तरच्या राजाने त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केले. तेथे कोणाचे कौशल्य कामास आले असे मला वाटत नाही. दुबळ्या दरबाराला बलाढ्य सरकारची मर्जी राखावी लागली, इतकेच.

खरी विद्या त्यापूर्वी उत्तरेकडे सुरू झाली होती. ठग एका संस्थानात वाटसरूस मारीत आणि दुसऱ्या संस्थानात सुखाने नांदत. विल्यम स्लीमन याने माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या, घराण्यांच्या वंशावळी मांडल्या, आणि १८३६ साली ठगांच्या सांकेतिक बोलीचा ‘रामसीआना’ नावाचा शब्दसंग्रहच छापला. त्याच्या निष्कर्षांविषयी आजचे अनेक इतिहासकार साशंक आहेत, आणि ती शंका रास्त आहे. आपला जीव वाचविण्यासाठी साक्षीदार कोणाचेही नाव घेईल! तथापि, ज्याची खबर ठेवावयाची त्याची बोली आधी शिकावी, हे त्याने ओळखले होते.

पुढे १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. ठशांच्या वर्गीकरणाचे बिकट काम अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोन देशी अधिकाऱ्यांनी केले, श्रेय मात्र बराच काळ त्यांच्या साहेबाकडे, हेन्रीकडे राहिले. बोटाला लिपी नसते, हा त्या युक्तीचा मोठा गुण. पण सरहद्दीपलीकडून येणारी खबर ठशाने येत नाही. ती नावानेच येते.

आणि भामरागडात घोटाळा होतो तो नावाचाच. माडिया बोली गोंडी कुळातली. तिच्यातले नाव मराठी हवालदार एका रीतीने ऐकतो, पैलतीरचा हिंदी मुन्शी दुसऱ्या रीतीने, दक्षिणेकडील तेलुगू लेखक तिसऱ्या. इंग्रजी अक्षरांत त्याची आणखी चार रूपे होतात. एका नावाचे दोन इसम, अथवा दोन इसमांचा एक गुन्हेगार, असे व्हावयास वेळ लागत नाही.

१९४८ साली बस्तर मध्य प्रांतात विलीन झाले, तेव्हा इंद्रावती ही नुसती जिल्ह्याची हद्द उरली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नदीवर राज्याची सीमा पडली. १९८० च्या सुमारास नक्षलवादी गोदावरीपलीकडून या रानात शिरले. त्यांच्या लेखी सारे दंडकारण्य एक. पोलीस मात्र आंध्र, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र अशा तीन राज्यांचे! १९९० साली गडचिरोलीत सी-६० हे दल उभारले गेले. त्यात स्थानिक तरुण घेतले, आणि बोली जाणणारा शिपाई प्रथमच मोठ्या संख्येने हाताशी आला. तरीही ८ ऑक्टोबर २००९ रोजी याच तालुक्यातील लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले.

त्याच वर्षी देशातील पोलीस ठाणी संगणकाने जोडण्याची सीसीटीएनएस ही योजना मंजूर झाली. योजना चांगलीच, पण नाव टंकणारा माणूसच असतो. त्याला यंत्राची कळ दाबावयास शिकविणे सोपे. गाव, बापाचे नाव, कूळ आणि ते किती देवांचे, हे सौजन्याने विचारून घेणे, आणि ऐकीव गोष्ट व डोळ्यांदेखतची गोष्ट वेगळ्या रकान्यांत लिहिणे, ही सवय लावावयास वर्षे लागतात.

हा उपदेश मी वरच्या पाटावर बसून करीत नाही. शाळेच्या हजेरीपटात मी स्वतः एका माडिया मुलाचे नाव दोन वर्षी दोन तऱ्हांनी लिहिले होते. पुढे दाखले जुळेनात. पोर कचेऱ्यांच्या खेपा घालून थकले. अखेर मी नवा दाखला लिहावयास बसलो, तेव्हा प्रथम त्याच्या बापाला समोर बसविले आणि ते नाव त्याच्या तोंडून तीनदा ऐकले.