उतार निवडणारी माणसे : हिमस्खलन, हिशेब आणि भरवसा

आमच्या लोणारला बर्फ पडत नाही. तरीही आजचा धागा हिमस्खलनावर आहे, आणि त्याची सुरुवात लोणारच्याच उतारापासून करावी लागेल.

ज्यांनी हे विवर पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल : सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची ती वाटी, काठापासून पाण्यापर्यंत सव्वाशे मीटरहून अधिक खोली, आणि धारेकडून खाली जाणारी पायऱ्यांची व पायवाटेची सोय. लहानपणी आजोबांबरोबर उतरताना त्यांचा एकच दंडक असे : वाट सोडायची नाही. वाटेच्या बाजूला बेसाल्टचे सुटे दगड आणि त्यांवर वाळलेले गवत. वरून तो उतार अगदी निरुपद्रवी दिसतो. पाय टाकला की दगड हलतो, आणि दगडाखालचा दगडही.

बर्फाशी आमच्या भागाचे नाते आले ते सैन्यामुळे. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझ खोऱ्यात लष्कराच्या ठाण्यावर आणि गस्तीवर हिमकडे कोसळले. मृत जवानांत महाराष्ट्राचे अनेक तरुण होते. आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातलेही होते. ज्यांच्या गावी आयुष्यात कधी बर्फ पडला नाही, त्यांच्या घरी बर्फाखाली गेलेल्यांची शवपेटी आली. मी तेव्हा शाळेत होतो. हिमस्खलन हा शब्द वर्तमानपत्राच्या मथळ्यात प्रथम वाचला तो त्या आठवड्यात.

इतिहासाचा विद्यार्थी झाल्यावर या विषयाकडे वळलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. हिमस्खलनाच्या इतिहासात दोन प्रकारची माणसे भेटतात : ज्यांना उतारावर धाडले गेले ती, आणि ज्यांनी उतार स्वतः निवडला ती.

पहिल्या प्रकारची सर्वांत करुण नोंद डिसेंबर १९१६ ची आहे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांच्या फौजा आल्प्सच्या शिखरांवर समोरासमोर होत्या. मार्मोलाडा पर्वताखाली ग्रान पोझ येथे ऑस्ट्रियन सैनिकांच्या लाकडी बराकी होत्या. शत्रूच्या तोफांपासून जागा सुरक्षित. पण डोक्यावर बर्फाने लादलेला कडा. तेथील अधिकारी रुडॉल्फ श्मिट यांनी बराकी हलवण्याची परवानगी वरिष्ठांकडे मागितली. ती नाकारली गेली. १३ डिसेंबरला कडा सुटला आणि सुमारे २७० माणसे गाडली गेली. या प्रसंगात धोका ओळखणारा मनुष्य हजर होता, त्याने तो वेळेवर सांगितला होता, आणि तरीही काही झाले नाही. धोक्याचे ज्ञान आणि निर्णयाचा अधिकार यांची फारकत झाली की काय होते, याचे इतके उघडे उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही.

त्याच वर्षी, त्याच युद्धात, आणखी एक मनुष्य बर्फाखाली सापडला. माथियास झ्डार्स्की. बालपणीच एक डोळा गमावलेला हा ऑस्ट्रियन गृहस्थ आल्प्सच्या तीव्र उतारांवर स्कीइंग कसे करावे याचे तंत्र बसवणाऱ्यांपैकी अग्रणी. १९०५ मध्ये लिलियनफेल्डजवळ त्याने घेतलेली शर्यत ही पहिली स्लालोम शर्यत मानली जाते. युद्धात तो पर्वती सैन्याला बर्फाचे शिक्षण देत होता. फेब्रुवारी १९१६ मध्ये एका बचावकार्यात हिमलोटाने त्याला ओढून नेले. अंगात सुमारे ऐंशी ठिकाणी हाडे मोडली वा निखळली. वयाची साठी जवळ आलेली. तो वाचला, स्वतःसाठी आधाराची साधने स्वतः बनवली, आणि पुन्हा स्कीवर उभा राहिला. शिवाय हिमस्खलनावर लिहिले. बर्फाची त्याला जितकी जाण होती तितकी त्या काळी फार थोड्यांना असेल. ती जाण त्याला त्या दिवशी वाचवू शकली नाही, हे मुद्दाम नोंदवतो. पुढे उपयोगी पडेल.

या दुर्घटनांतून शास्त्र जन्मले. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसच्या वर, वाइसफ्लूयोख येथे १९३६ मध्ये संशोधक एका बर्फाच्या खोपटात प्रयोग करू लागले. १९४२ मध्ये तेथे रीतसर संस्था उभी राहिली. आपल्याकडे अशी संस्था मनालीला १९६९ मध्ये आली, अर्थात संरक्षण खात्याच्या गरजेतून.

शास्त्राने सांगितलेली मुख्य गोष्ट घरगुती दाखल्याने समजते. उतरत्या फरशीवर साखर पसरा आणि तिच्यावर जाड फळी ठेवा. फळी काही काळ जागेवर राहील, कारण तिची कड कुठेतरी टेकलेली असते. मग फळीवर बोट दाबा. हिवाळ्यात जुन्या बर्फाचे कण कित्येकदा साखरेसारखे सुटे होतात. वाऱ्याने आणलेला नवा बर्फ त्यांवर फळीसारखा घट्ट बसतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार या घसरणीला सर्वांत सोयीचा. दुर्दैव असे की स्कीपटूला आनंद देणारा उतारही नेमका तोच. आणि ते बोट? स्कीपटूंच्या बहुसंख्य प्राणघातक अपघातांत लोट सुरू करणारा मनुष्य बळींपैकीच एक, किंवा त्याचा सोबती असतो.

म्हणजे गावावर कोसळणारा कडा ही एक गोष्ट, आणि आखलेल्या, राखलेल्या वाटा सोडून कोऱ्या बर्फात उतरणाऱ्या स्कीपटूने स्वतः सोडवलेला कडा ही निराळीच गोष्ट. या दुसऱ्याला ऑफ-पिस्ट स्कीइंग म्हणतात. कोरा बर्फ, कोणाचीही रेघ नसलेला उतार. त्या मोहाला हसू नये. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर पहाटे सर्वांआधी पोहोचण्यासाठी धडपडलेल्या माणसाला तो समजेल.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उपाय शोधले गेले ते मुख्यतः उपकरणांचे. पूर्वी स्कीपटू मागे लांब लाल दोरी सोडत. गाडला गेला तरी दोरीचे टोक वर दिसावे म्हणून. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत जॉन लॉटन यांनी रेडिओ संकेत पाठवणारे व पकडणारे छोटे यंत्र बनवले. ऐंशीच्या दशकात फुग्याची पाठपिशवी आली. १९९४ मध्ये ब्रुगर आणि फाल्क यांनी बर्फाखालच्या काळाचा हिशेब मांडला : पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास जगतात, पस्तिसाव्या मिनिटाला हे प्रमाण तीस टक्क्यांवर येते. मदतपथक गावातून येईतो ही वेळ टळलेली असते. वाचवणारा मनुष्य तुमच्या शेजारीच असावा लागतो, त्याच्याकडे यंत्र, सळई आणि फावडे असावे लागते.

उपकरणे आली, प्रशिक्षण आले, तरी प्रशिक्षित माणसे मरतच राहिली. येथून हा इतिहास मला खरा रोचक वाटतो, कारण येथे प्रश्न बर्फाकडून माणसाकडे वळतो.

स्विस पर्वत-मार्गदर्शक वेर्नर मुंटर यांनी नव्वदच्या दशकात म्हटले की बर्फाचा थर खणून अचूक निदान करण्याच्या नादी लागू नका, सोपा हिशेब करा. युरोपात १९९३ पासून धोक्याची पाच पायऱ्यांची समान मोजपट्टी आली होती. मुंटर यांची ढोबळ शिस्त अशी : धोका दुसऱ्या पायरीवर असेल तर चाळीस अंशांहून तीव्र उतार टाळा, तिसऱ्यावर पस्तीस, चौथ्यावर तीस. अनुभवी मंडळी चिडली. त्यांना हा आपल्या जाणकारीचा अपमान वाटला. माझ्या मते त्या चिडण्यातच मुंटर यांचे समर्थन होते.

पुढे अमेरिकन संशोधक इयन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातील ७१५ अपघात तपासले. बळी पडलेल्यांपुढे धोक्याची चिन्हे बहुधा उघड होती. मग ते गेले का? ओळखीचा उतार होता म्हणून. ठरवून निघालो होतो म्हणून. म्होरक्या जाणता वाटला म्हणून. इतरांसमोर कमी दिसू नये म्हणून. दुसरे आधी पोहोचतील म्हणून. आजूबाजूला इतर माणसे होती म्हणून. यांतला ओळखीचा सापळा सर्वांत अनपेक्षित होता : प्रशिक्षण घेतलेले गट परिचित उतारावर अपरिचित उतारापेक्षा अधिक बेफिकीर वागताना दिसले. झ्डार्स्की आठवतो.

आपल्या देशात हे नाट्य गुलमर्गला घडते. २००५ मध्ये गंडोल्याचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि अफरवत पर्वताचा सुमारे चार हजार मीटर उंचीचा खांदा काही मिनिटांच्या अंतरावर आला. राखलेल्या भागाबाहेर दोन्हीकडे कोरे उतार पसरलेले. फेब्रुवारी २०१० मध्ये याच परिसरात, खिलनमर्गला, लष्कराच्या प्रशिक्षण संस्थेचे १७ जण हिमस्खलनात गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलंडचे दोन स्कीपटू, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. एकच पर्वत, धाडलेलेही तेथेच, निवडलेलेही तेथेच.

आणि आपण? सह्याद्रीत बर्फ नाही, पण पावसाळा आहे. ओढा चढणे, दरड सुटणे, शेवाळलेला कातळ. २०१८ मध्ये राज्य शासनाने साहसी उपक्रमांसाठी नियमावली काढली, २०२१ मध्ये धोरण आले. नोंदणी, विमा, प्रशिक्षित नेता, प्रथमोपचार. गिर्यारोहण संस्थांत त्यावर बरीच चर्चा झाली, काही आक्षेप रास्तही होते. पण नियम यंत्र, सळई आणि फावड्याच्या जागी असतात. मॅकॅमन यांच्या यादीतली एकही ओळ शासन निर्णयात बसवता येत नाही.

याची प्रचीती मला वाचनालयात आली नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही सात जण एका किल्ल्यावरून उतरत होतो. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी मांडीला लागला होता आणि पाणी गढूळ झाले होते. गढूळ पाणी म्हणजे वर कुठेतरी जोराचा पाऊस, हे मला ठाऊक होते. त्याच महिन्यात मी मुंटर वाचत होतो. आमचा म्होरक्या तेथे वीसेक वेळा आलेला. तो म्हणाला, "चला, हात धरा." आम्ही हात धरले आणि गेलो. मध्यावर एकीचा पाय सुटला. दोघांनी तिला ओढून घेतले. काही झाले नाही. म्हणजे म्होरक्याच्या खात्यात ती एकविसावी यशस्वी फेरी जमा झाली. बर्फाचा उतारही असाच शिकवतो : चुकीचा निर्णय घेऊनही बहुतेक वेळा मनुष्य सुखरूप खाली येतो, आणि निर्णय बरोबर होता असे समजतो.

परतताना एसटीत मी शेजारच्या मित्राला म्हटले की मला थांबावेसे वाटत होते. तो म्हणाला, मलाही. मागच्या बाकावरची ती, जिचा पाय सुटला होता, म्हणाली, "मी तुमच्या दोघांकडे बघत होते. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मी गप्प राहिले."