ह्यू थॉम्पसन : आपल्याच सैनिकांसमोर हेलिकॉप्टर आडवं घालणारा पायलट

व्हिएतनाम युद्धातलं माय लाय हत्याकांड अनेकांना माहीत आहे. पण त्या दिवशी काही गावकरी वाचले, ते एका अमेरिकन हेलिकॉप्टर पायलटमुळे. त्यांचं नाव ह्यू थॉम्पसन.

कोण होते थॉम्पसन?

जन्म १५ एप्रिल १९४३, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात. आधी नौदलात तीन वर्षं नोकरी केली. १९६६ मध्ये ते लष्करात आले, हेलिकॉप्टर चालवायला शिकले आणि १९६७ च्या अखेरीस व्हिएतनामला पोहोचले.

१६ मार्च १९६८ ला काय घडलं?

थॉम्पसन यांचं काम टेहळणीचं होतं. काचेच्या घुमटाचं छोटं ओएच-२३ हेलिकॉप्टर आणि सोबत दोन तरुण सहकारी, ग्लेन अँड्रिओटा आणि लॉरेन्स कोलबर्न. शत्रू कुठे लपलाय हे शोधायला ते खाली उडत होते. शत्रू दिसलाच नाही. दिसले ते म्हातारी माणसं, बायका आणि मुलांचे मृतदेह.

जखमींना मदत मिळावी म्हणून त्यांनी हिरवा धूर सोडून जागा दाखवल्या. सैनिक आले, पण त्यांनी त्याच जखमींना गोळ्या घातल्या.

थोड्या वेळाने काही गावकरी एका बंकरमध्ये लपलेले दिसले. सैनिक तिकडेच निघाले होते. थॉम्पसन यांनी दोघांच्या मधोमध हेलिकॉप्टर उतरवलं. सैनिकांनी गावकऱ्यांवर गोळीबार केला तर तुम्हीही सैनिकांवर गोळ्या झाडा, असं सहकाऱ्यांना सांगून ते एकटे बंकरकडे गेले. त्यांच्या हेलिकॉप्टरमध्ये जागा नव्हती, म्हणून दोन मोठी हेलिकॉप्टर्स बोलावून त्यांनी दहा-बारा जणांना बाहेर काढलं. नंतर प्रेतांनी भरलेल्या चरात काहीतरी हलताना दिसलं. अँड्रिओटा आत उतरले आणि एका जिवंत मुलाला घेऊन आले. त्याला दवाखान्यात पोहोचवण्यात आलं.

तळावर परतल्यावर थॉम्पसन यांनी वरिष्ठांकडे तक्रार केली. त्यानंतर गोळीबार थांबवण्याचा आदेश निघाला. व्हिएतनामच्या नोंदीनुसार तोवर ५०४ माणसं मारली गेली होती.

पुढे काय झालं?

लष्कराने प्रकरण दाबलं. थॉम्पसन यांना शौर्यपदक मिळालं, पण मुलाला 'दोन्ही बाजूंच्या गोळीबारातून' वाचवल्याची खोटी नोंद करून. त्यांनी ते फेकून दिलं. १९६९ मध्ये बातमी फुटली आणि त्यांनी साक्ष दिली. तेव्हा त्यांनाच गद्दार ठरवलं गेलं, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. शिक्षा करायचीच तर थॉम्पसनला करा, असं अमेरिकी संसदेच्या संरक्षण समितीचे प्रमुख उघडपणे म्हणाले. हत्याकांडात दोषी ठरला तो फक्त लेफ्टनंट विल्यम कॅली. जन्मठेप झाली, पण काही वर्षांच्या नजरकैदेनंतर तो सुटला.

३० वर्षांनी सन्मान

६ मार्च १९९८ रोजी वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धस्मारकापाशी तिघांना 'सोल्जर्स मेडल' देण्यात आलं. अँड्रिओटा माय लायनंतर तीनच आठवड्यांत युद्धात मारले गेले होते. त्यांचं नाव त्याच स्मारकाच्या भिंतीवर कोरलेलं आहे. थॉम्पसन यांचं ६ जानेवारी २००६ रोजी कर्करोगाने निधन झालं.

सोल्जर्स मेडल शत्रूशी लढण्यासाठी दिलं जात नाही. शत्रूशी थेट लढाई नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी ते दिलं जातं. माय लायमध्ये थॉम्पसन यांच्यासमोर शत्रू नव्हताच, आपलीच माणसं होती.