ईआरपीनेक्स्टमधील प्रकल्प व्यवस्थापन

ईआरपीनेक्स्ट हे मुंबईत विकसित झालेले मुक्तस्रोत उद्योग-व्यवस्थापन सॉफ्टवेअर आहे. ते सर्व्हरवर स्थापित केले जाते आणि गटातील सदस्य न्याहाळकातून एकाच वेळी त्यावर काम करतात. हिशेब व साठा यांप्रमाणेच प्रकल्प व्यवस्थापन हा त्याचा एक विभाग आहे.

इतिहास

रुषभ मेहता यांनी कौटुंबिक फर्निचर व्यवसायातील अनुभवातून या प्रणालीची निर्मिती केली. २००८ मध्ये स्थापन झालेली त्यांची 'वेब नोट्स टेक्नॉलॉजीज' ही कंपनी पुढे 'फ्रॅपे टेक्नॉलॉजीज' या नावाने ओळखली जाऊ लागली.

कार्यपद्धती

प्रकल्पाची विभागणी कार्यांमध्ये करून प्रत्येक कार्य सदस्यांकडे मुदतीसह सोपवले जाते. कार्यांचे परस्परावलंबन नोंदवता येते. पायाचे काम अपूर्ण असताना त्यावर अवलंबून असलेले भिंतीचे काम पूर्ण झाल्याचे नोंदवता येत नाही. वेळापत्रक गँट आलेखात दिसते. कामाच्या तासांच्या नोंदींवरून खर्च काढता येतो व ग्राहकाचे देयकही तयार करता येते.

प्रगती पूर्ण कार्यांच्या संख्येवरून किंवा भारांशावरून मोजता येते. दहापैकी पाच किरकोळ कार्ये झाली, तर संख्येनुसार प्रगती ५० टक्के दिसते. भारांशानुसार ती बरीच कमी असू शकते.

परवाना

हे सॉफ्टवेअर जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीखाली उपलब्ध आहे. त्यामुळे संस्थेला परवाना शुल्काविना ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवता व बदलता येते आणि माहिती स्वतःच्या ताब्यात ठेवता येते. मात्र अशा वेळी सुरक्षा, अद्ययावतीकरण व माहितीच्या राखीव प्रती यांची जबाबदारीही संस्थेवरच येते.