घरच्या घरी धावण्याचा सराव : ट्रेडमिल विजेवरची की विजेविना?

विदर्भाप्रमाणेच मध्य प्रदेशातील जबलपूर येथेही मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस पडतो. अशा दिवसांत धावण्याचा सराव खंडित होऊ नये, म्हणून अनेक जण घरी ट्रेडमिल घेण्याचा विचार करतात. मात्र यंत्राची निवड किमतीवरून नव्हे, तर आपल्याला चालायचे आहे की धावायचे, यावरून करणे हितावह ठरते.

विजेविना चालणारी सपाट ट्रेडमिल स्वस्त व आटोपशीर असते. तिचा पट्टा पायांच्या जोराने सरकतो. तो सहज सरकावा, यासाठी यंत्राला कायमचा चढ दिलेला असतो. पट्टा ढकलताना दांडी धरावी लागते, शरीर पुढे झुकते आणि धावण्याची नैसर्गिक लय बिघडते. त्यामुळे हे यंत्र चालण्याच्या व्यायामापुरतेच योग्य आहे. वक्राकार पट्ट्याची ट्रेडमिलही विजेविना चालते व तीवर उत्तम धावता येते. मात्र ती महाग असते आणि त्याच वेगासाठी अधिक दमछाक होते.

विजेवरील ट्रेडमिलमध्ये मोटर पट्टा ठरावीक वेगाने फिरवते. वेग ताशी १० किलोमीटर ठेवल्यास १ किलोमीटर अंतर बरोबर ६ मिनिटांत पूर्ण होते. त्यामुळे लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी नियोजनानुसार करता येते. समोरून वारा लागत नसल्याने मैदानापेक्षा श्रम किंचित कमी पडतात. ही तूट १ टक्का चढ ठेवल्यास भरून निघते, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधनात आढळले. वारा नसल्याने घामही लवकर वाळत नाही. म्हणून उन्हाळ्यात समोर पंखा आणि जवळ पाणी असणे आवश्यक आहे.

खरेदी करताना मोटरची कमाल नव्हे, तर सलग मिळणारी अश्वशक्ती विचारावी. धावण्यासाठी ती किमान अडीच असावी. पट्टा सुमारे १३० सेंटिमीटर लांब असावा. उंच व्यक्तीला त्याहून लांब पट्टा लागतो. यंत्राची वजन पेलण्याची क्षमता आपल्या वजनापेक्षा बरीच अधिक असावी. यंत्रासाठी अर्थिंग असलेला स्वतंत्र प्लग आवश्यक आहे.

वीज गेल्यास पट्टा अनपेक्षितपणे थांबतो व तोल जाऊ शकतो. वारंवार वीज खंडित होणाऱ्या भागांत हा धोका लक्षात घ्यावा. पडल्यास यंत्र बंद करणारी सुरक्षा-किल्ली कपड्यांना अडकवूनच धावावे. अमेरिकेत एका बालकाच्या मृत्यूनंतर २०२१ मध्ये एका कंपनीला सुमारे सव्वा लाख ट्रेडमिल परत मागवाव्या लागल्या होत्या. त्यामुळे वापर संपताच किल्ली काढून मुलांच्या हाती लागणार नाही, अशा जागी ठेवावी.

थोडक्यात, रोज अर्धा तास चालण्यासाठी विजेविना चालणारे साधे यंत्र पुरेसे आहे. नियमित धावणाऱ्यांनी मात्र विजेवरचे यंत्र घ्यावे आणि खरेदीपूर्वी दुकानात त्यावर किमान १० मिनिटे धावून पाहावे. हृदयविकार किंवा गुडघेदुखी असल्यास वैद्यकीय सल्ला आधी घ्यावा.